घड्याळ कुणाच्या हातात?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी देशातल्या तरुणांना आठवड्याला ७० तास काम करा असं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे एस. एन. सुब्रह्मण्यन ९० वर गेले. तेव्हापासून आपल्याकडे हा वाद लिलावासारखा चालला आहे. एका बाजूला ‘आम्ही नाही का राबलो’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘सहा वाजले की लॅपटॉप बंद’ म्हणणारे. मधूनच एखाद्या तरुण कर्मचाऱ्याच्या मृत्यूची बातमी येते, आठवडाभर हळहळ होते, एचआर शुक्रवारी दुपारी ध्यानधारणेचं एक सत्र लावतं (त्याला हजेरी सक्तीची असते), आणि सोमवारी लिलाव पुन्हा सुरू.

दोन्ही पक्ष एकाच आकड्याला धरून बसलेत आणि भांडणाचं मूळ त्या आकड्यात नाही. आयटीत काम करणाऱ्याचं मन पोखरलं जातं ते मुख्यतः तीन गोष्टींनी. काम कधी अंगावर येईल हे आधी कळत नाही, आलं की नाही म्हणता येत नाही, आणि केलं तरी त्याची कुठे नोंद होत नाही. तास यानंतर येतात. म्हणून करिअर करताना मन शाबूत ठेवायचं असेल तर उपाय योगवर्गाआधी ऑन-कॉलच्या (बिघाड झाला तर रात्री-अपरात्रीही फोन उचलायच्या पाळीच्या) रोट्यात, टाइमशीटमध्ये आणि घराच्या हप्त्यात शोधावा लागतो. आज चाललंय ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तासांना मर्यादा नको असा याचा अर्थ कुणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून केलेल्या मोजणीत, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयरोगाने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणजे ७० तासांचा सल्ला नुसत्या शरीराच्या हिशोबावरही टिकत नाही. मूर्तींनी दाखला दिला होता युद्धोत्तर जर्मनी आणि जपानचा. युद्धानंतर जर्मन माणूस आठवड्याचे सहा दिवस राबत होता, हे खरंच आहे. पण त्याच जर्मनीत १९५६ पासून कामगार संघटनांनी शनिवारच्या सुट्टीची मोहीम चालवली आणि आज विकसित देशांत वर्षाला सर्वांत कमी तास काम करणाऱ्यांत जर्मन मोडतात. जपानला तर अतिकामाने येणाऱ्या मृत्यूसाठी ‘करोशी’ हा स्वतंत्र शब्द लागला, २०१४ मध्ये तो रोखण्यासाठी कायदा करावा लागला आणि २०१८ मध्ये ओव्हरटाइमवर मर्यादा घालावी लागली. दाखला द्यायचा तर पुरता द्यावा.

आता आकड्याच्या पलीकडे जाऊ. रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने १९७९ मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांच्या माहितीवरून एक साधी गोष्ट मांडली. कामाचा रेटा जास्त असणं एवढ्याने माणूस मोडत नाही. रेटा जास्त आणि हातात निर्णय कमी, अशी जोडी जमली की मोडतो. रेटा जास्त पण निर्णयही आपलाच, तिथे माणूस उलट शिकतो, वाढतो. सर्जन आणि टोलनाक्यावरचा कर्मचारी यांच्या थकव्यात फरक असतो तो हा. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या नोकरदारांचा ‘व्हाइटहॉल’ नावाने ओळखला जाणारा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यात सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांचं हृदयरोगाने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघालं. सगळे सरकारी कचेरीतलेच, कुणी खाणीत उतरत नव्हतं. धूम्रपान, रक्तदाब वगैरे वजा करूनही तफावत पूर्ण मिटेना. पुढच्या टप्प्यात, १९८५ पासून, जे कारण ठळकपणे वर आलं त्यात कामावर स्वतःचा ताबा किती हे होतं.

‘एसीत बसून कसला ताण?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. हा प्रश्न विचारणाऱ्याची मी टर उडवणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. ऊसतोड कामगाराचा, आशा सेविकेचा, कॅब चालवणाऱ्याचा दिवस हिंजवडीतल्या इंजिनिअरपेक्षा कठीण असतो आणि त्यांना मानसोपचाराचा विम्यात समावेश आहे का, असला प्रश्नही पडू शकत नाही. पण दुसऱ्याचं दुखणं मोठं म्हणून पहिल्याचं खोटं ठरत नाही. शिवाय पगाराने ताबा विकत मिळत नाही. बऱ्याचदा पगारावर काढलेल्या कर्जाने तो जातो. त्याकडे पुढे येतोच.

मुंबईला हा वाद नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी पदरात पाडून घेतली. आज जे रविवारी लॅपटॉप उघडतात ते नकळत लोखंड्यांची कमाई खर्च करतात. आणि तेव्हाही विरोध फक्त नफेखोर करत होते असं नाही. कारखाना कायदे हा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा डाव आहे, देशी उद्योग मारण्यासाठी त्यांना आपल्या मजुरांचा कळवळा आलाय, असं त्या काळची बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रं लिहीत होती. त्यात अर्धं सत्य होतं, लँकेशायरचा दबाव होताच. पण अर्ध्या सत्यामुळे बारा-तेरा तास मागावर उभ्या असलेल्या माणसाचे पाय दुखायचे थांबत नव्हते. ‘देशासाठी राबा’ या आजच्या हाकेला इतकी जुनी वंशावळ आहे.

त्याहून बोलका आहे तो दिव्याचा किस्सा. सुरुवातीला गिरणी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले. क्रूर होतं, पण त्याला एक नैसर्गिक शेवट होता. सूर्य मावळला की माग बंद. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. दिव्याने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. त्याने फक्त ‘आता घरी जायचं’ हे सांगणारी गोष्ट काढून टाकली. मग १९०८ चा आयोग, मग १९११ चा कायदा आणि कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४, आणि १९४६ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना ४८. म्हणजे दिव्याने केलेली तोडफोड दुरुस्त करायला चाळीस वर्षं लागली. खिशातल्या मोबाइलने आणि घरच्या वायफायने हेच दुसऱ्यांदा केलं, आणि या वेळी तर गिरणीचं फाटकही उरलं नाही. भोंगा कर्कश होता खरा, पण तो सुटताना पण वाजायचा.

नेमकं काय घडतं ते जवळून पाहू. रात्रीचे दोन चाळीस. फोन किंचाळतो. सर्व्हरची डिस्क ८० टक्के भरली असा अलर्ट. ऑन-कॉल असलेली मुलगी उठते, अलर्ट स्वीकारल्याचं बटण दाबते, लॅपटॉप उघडते, व्हीपीएन, त्याचा ओटीपी, मग डॅशबोर्ड. रात्रीचा बॅच जॉब चालू आहे, तो तात्पुरत्या फाइली लिहितो, चारच्या सुमारास स्वतःच पुसून टाकतो. करण्यासारखं काही नाही. ती तीन वाजता आडवी होते, झोप लागायला आणखी तास जातो, सकाळी साडेदहाच्या स्टँडअपला (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला) ती हजर असते. कागदोपत्री तिने रात्री वीस मिनिटं काम केलं. तासांच्या लिलावात या वीस मिनिटांची किंमत शून्य. प्रत्यक्षात एक अख्खी रात्र गेली, आणि उद्याही फोन किंचाळेल या धास्तीने उद्याचीही थोडी गेली.

इथे चूक कुणाच्या कणखरपणात आहे? चूक अलर्टच्या नियमात आहे. ‘८० टक्के’ हा आकडा कुणीतरी तीन वर्षांपूर्वी टाकला आणि प्रोजेक्ट सोडून गेला. जो अलर्ट माणसाला झोपेतून उठवतो त्याने दोन अटी पाळल्या पाहिजेत: वापरकर्त्याला आत्ता त्रास होतोय किंवा थोड्याच वेळात होणार आहे, आणि माणसाने आत्ता काहीतरी केल्याशिवाय तो टळणार नाही. बाकी सगळ्यांचं तिकीट (कामाच्या यादीतली नोंद) व्हावं, सकाळी बघू. दर सोमवारी अर्धा तास काढून मागच्या आठवड्यातला प्रत्येक रात्रीचा अलर्ट समोर मांडायचा आणि विचारायचं, यावर काही कृती केली का? तीनदा ‘काही नाही’ आलं की तो अलर्ट रात्रीच्या यादीतून काढायचा. डिस्कचाच अलर्ट हवा असेल तर ‘या वेगाने चार तासांत भरेल’ असा लावायचा, टक्क्यांवर नाही. हे काम कंटाळवाणं आहे, अप्रेझलमध्ये चमकत नाही, म्हणून होत नाही. पण एका टीमच्या झोपेसाठी याहून उपयोगी दुसरं काही मला माहीत नाही.

रोट्याचाही हिशोब सोपा आहे. चार जणांची टीम आणि आठवड्याची पाळी असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाचे १३ आठवडे येतात. आठ जण असतील तर साडेसहा. चारातला एक लग्नाच्या सुट्टीवर आणि एकाने राजीनामा टाकला की उरलेले दोघे एकाआड एक आठवडा फोन उशाशी घेऊन झोपतात. गूगलमध्ये ही कामं करणाऱ्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये आपली पद्धत जाहीर केली, तीत ऑन-कॉलसाठी वेळेच्या २५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना येऊ नयेत असं आहे, आणि एकाच ठिकाणाहून चोवीस तास सांभाळायचं असेल तर किमान आठ माणसं हवीत असं आहे. दोनच घटना का? कारण एक घटना नीट निस्तरायची, मूळ शोधायचं आणि टिपण लिहायचं याला सुमारे सहा तास जातात. ही काही कुणाची दयाबुद्धी नव्हे. झोपमोड झालेला माणूस प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरत असलेल्या चालू यंत्रणेवर) चुकीची कमांड चालवतो, म्हणून हा खर्चाचा विचार आहे. त्याला जोडून एक नियम आपल्याकडे फुकटात करता येतो: रात्री बारा ते पाचमध्ये अर्ध्या तासाहून जास्त जागं राहावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी काम दुपारी बारानंतर. विचारावं लागत नाही, कळवायचं फक्त. ‘गरज वाटली तर सुट्टी घे’ असं तोंडी सांगितलेलं कुणी घेत नाही. नियमात लिहिलेलं घेतात.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा की क्लायंट अमेरिकेत आहे, पृथ्वी गोल आहे, त्याला आपण काय करणार? मान्य. किंबहुना पुण्या-मुंबईचा हा सगळा डोलारा त्या साडेनऊ तासांच्या फरकावरच उभा आहे. न्यूयॉर्क झोपतं तेव्हा हिंजवडी काम करते, हीच तर विक्रीची जाहिरात होती. पण मग जाहिरातीतला दुसरा अर्धा भाग कुठे गेला? न्यूयॉर्क जागं असताना हिंजवडीने झोपायचं होतं. झालं असं की सकाळी साडेनऊची हजेरी भारताच्या घड्याळाने आणि रात्रीचा कॉल अमेरिकेच्या घड्याळाने, दोन्ही एकाच देहावर. भूगोलावर ढकलून याची सुटका नाही, कारण हा निर्णय कुणीतरी घेतलेला आहे, किंवा कुणीच न घेता रूढ झालेला आहे. पूर्व किनाऱ्यावर सकाळी आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. क्लायंटला आठवड्यातून दोन दिवस आठ वाजता यायला सांगणं म्हणजे काही बंड नव्हे. पश्चिम किनाऱ्याचं गणित मात्र वाईट आहे, तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. तिथे एक आठवडा त्यांनी उशिरा बसायचं, एक आठवडा आपण, अशी पाळी लावावी लागते. आणि ज्या दिवशी नऊनंतर कॉल, त्या दिवशी सकाळची हजेरी नाही. हे टीमच्या पानावर लिहून ठेवायचं, मॅनेजरच्या चांगुलपणावर सोडायचं नाही, कारण चांगले मॅनेजर बदलून जातात.

हे सगळं मागायचं तर पुरावा लागतो, आणि घोडं तिथेच पेंड खातंय. अनेक ठिकाणी टाइमशीट दिवसाला आठ किंवा नऊ तासांच्या वर आकडा घेतच नाही, किंवा ‘बिलिंगपेक्षा (क्लायंटला लावायच्या तासांपेक्षा) जास्त भरू नकोस’ असं सांगितलं जातं. मग अकरा तासांच्या दिवसाचे आठ भरले जातात. परिणाम फक्त थकव्यावर होत नाही. पुढच्या प्रोजेक्टचा अंदाज काढताना विक्रीवाले हेच जुने आकडे उघडतात, त्यांना दिसतं की सहा माणसांनी आठ तासांत हे काम केलं, आणि तेच गणित पुढच्या क्लायंटला देतात. थोडं खाली उतरवून. म्हणजे आज लपवलेले तीन तास पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर करार होऊन बसतात. ज्या क्षेत्रात प्रत्येक क्लिकचा लॉग राहतो तिथे माणसाच्या वेळेचा लॉग जाणूनबुजून खोटा ठेवला जातो, याचं नवल वाटायला हवं. त्याच वेळी मायक्रोसॉफ्ट टीम्सवरचा हिरवा ठिपका पाच मिनिटं माऊस हलला नाही की पिवळा होतो, आणि तो हिरवा राखण्यासाठी लोक माऊस हलवणारी यंत्रं विकत घेतात. हजेरी मोजली जाते, श्रम मोजले जात नाहीत. एकट्या माणसाने यावर करण्यासारखं एकच आहे. स्वतःची वही ठेवायची. तारीख, ठरलेल्या वेळेबाहेरचं काम, कुणाच्या सांगण्यावरून, किती मिनिटं, झोपमोड झाली का. स्वतःच्या फोनवर किंवा कागदावर, कंपनीच्या लॅपटॉपवर नाही, आणि त्यात क्लायंटची गोपनीय माहिती नाही. सहा आठवड्यांची अशी वही घेऊन मॅनेजरसमोर बसलेला माणूस ‘खूप ताण आहे’ म्हणणाऱ्यापेक्षा वेगळा ऐकला जातो. ‘ताण’ला उत्तर म्हणून ध्यानाचं सत्र मिळतं. ‘३० कामाच्या दिवसांत १४ कॉल रात्री साडेदहानंतर’ याला काहीतरी ठोस बोलावंच लागतं.

दुसरा आक्षेप ज्येष्ठांचा: सुरुवातीची वर्षं झोकून दिल्याशिवाय हात बसत नाही. हेही खरं, आणि तरुणांना खूश करण्यासाठी ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रॉडक्शन कोसळलेलं असताना ते उभं करण्यात जे शिकायला मिळतं ते कोर्समध्ये मिळत नाही. पण रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्याचा वेळ जातो कशात ते एकदा मोजावं. बिल्ड (कोडपासून चालतं सॉफ्टवेअर) व्हायची वाट, क्लायंटच्या मंजुरीची वाट, आणि म्यूटवर बसून ऐकलेला स्टेटस कॉल. हे झोकून देणं नव्हे, हे अडकून पडणं. गवयाचा रियाजही पहाटेचा आणि कष्टाचा असतो, पण तो कुणी मध्यरात्री फोन करून करवून घेत नाही. शिवाय दिवसा शिकलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेत. झोप मोडून शिकवणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं. पहिली चार वर्षं जास्त तास द्यायचे असतील तर ते आपण निवडलेल्या विषयाला द्यावेत, आणि त्यांची वेळ आपण ठरवावी. कॅरासेकच्या मांडणीत या दोन प्रकारच्या थकव्यांचं अंतर सर्वांत मोठं आहे.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे आणि तो वादाने जात नाही. फार नखरे केले तर नोकरी जाईल. २०२५ च्या जूनमध्ये टीसीएसने वर्षाला किमान २२५ दिवस बिलिंग आणि बेंचवर (प्रोजेक्टविना) जास्तीत जास्त ३५ दिवस असा नियम आणला, जुलैमध्ये सुमारे १२ हजार लोकांना, म्हणजे मनुष्यबळाच्या २ टक्क्यांना, कमी करणार असल्याचं जाहीर केलं. एआयचं सावट वर आहेच. अशा वेळी ‘बॉसला नाही म्हणायला शिका’ असं सांगणाऱ्या तज्ज्ञांना मी विचारतो, कशाच्या बळावर? नाही म्हणण्याचं बळ स्वभावात थोडं आणि बँकेच्या खात्यात जास्त असतं. हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याहून जास्त हप्त्यात जात असेल तर तो माणूस कितीही आत्मसन्मानी असला तरी रविवारी कॉल घेणार. हप्ते एक तृतीयांशाच्या आत, आणि सहा महिन्यांचा घरखर्च (हप्त्यासकट) सहज मोडता येईल अशा ठेवीत, हे मानसिक आरोग्याचं साधन आहे, गुंतवणुकीचा सल्ला नव्हे. नोटीस पीरियड बऱ्याचदा ९० दिवसांचा असतो; नवी कंपनी तेवढं थांबत नाही, म्हणून राजीनामा अडतो. तेव्हा नवी नोकरी घेतानाच नोटीस ६० वर किंवा ३० वर येते का, पैसे भरून लवकर सुटता येतं का, हे नियुक्तीपत्रावर सही करण्याआधी विचारायचं. नंतर विचारून उपयोग नाही.

कंपनीच्या विम्याबाबतही बहुतेकांची गफलत होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २१ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे, आणि विमा नियामकाने ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सगळ्या आरोग्य पॉलिसींत ते आणायला सांगितलं होतं. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावर पैसे देतात, आणि नैराश्य किंवा चिंताविकाराचा उपचार बहुतांशी बाह्यरुग्ण विभागात, डॉक्टरांच्या खोलीतच होतो. म्हणून ओपीडीचा खर्च मिळतो का हा एक प्रश्न एचआरला विचारायचा. दुसरं म्हणजे गट विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची वेगळी पॉलिसी प्रकृती ठणठणीत असताना घ्यावी, कारण आधीपासून असलेल्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि अर्जात आजार लपवला तर पुढे दावा फेटाळायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, आणि माझ्याच मांडणीविरुद्ध जाणारा. सगळा दोष रोट्याचा नसतो. उत्तम टीम, दयाळू मॅनेजर, सहाला घरी, आणि तरीही नैराश्य येतं. घराण्यात असतं, थायरॉइडचं असतं, बाळंतपणानंतरचं असतं, कधी काहीच कारण सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ला जी जागा दिली ती आजारांत नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून दिली, तिची तीन अंगं म्हणजे गळून जाणं, कामाबद्दल कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. कामापासून दूर गेल्यावर हे ओसरायला लागतं. पण आवडत्या गोष्टीतही रस उरला नाही, झोप आणि भूक बिघडली, आणि हे जवळपास रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, दोन आठवडे टिकलं, तर नोकरी बदलायचा विचार बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. डोक्यात जीव देण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबायचं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

इथे आपल्या सुशिक्षित घरांतही भलते समज आहेत. मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो, तो औषध लिहितो. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतो, औषध लिहीत नाही. नैराश्यावरच्या आजच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, फरक काही दिसला नाही, म्हणून गोळी सोडणारे असंख्य. त्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, मात्र त्या एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू उतरवतात. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची, आणि नेमक्या त्याच लोक ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणून घेतात. डॉक्टर सुरुवातीला थायरॉइड आणि बी १२ तपासायला सांगतील, तेही टाळू नये. शाकाहारी घरांत बी १२ ची कमतरता सर्रास असते आणि ती थकवा, उदासी यांचा वेष घेऊन येते. कंपनीने दिलेल्या समुपदेशन सेवेला मी सरसकट नाकारणार नाही. तिथे आधी विचारायचं: सेवा बाहेरच्या संस्थेची आहे का, कंपनीला नावं जातात की फक्त एकूण संख्या, आणि ठरलेली सत्रं संपल्यावर पुढे कुणाकडे पाठवतात. उत्तरं गुळमुळीत आली तर पदरचे पैसे खर्चून बाहेर जाणं बरं.

आणि तरीही मूळ मुद्दा जागेवर राहतो. मधुमेह आनुवंशिक असतो म्हणून कँटीनमध्ये तीन वेळा साखरेचं खायला घालणं योग्य ठरत नाही. मन मुळात नाजूक असलेल्यालाच रोज मोडलेली झोप सगळ्यात आधी पाडते.

कायद्याचं काय? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, त्यावर दुप्पट दराने ओव्हरटाइम. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० वर आणि तिमाही ओव्हरटाइम १२५ वरून १४४ तासांवर नेण्याला मान्यता दिली. आयटीतल्या किती जणांनी आयुष्यात एकदा तरी दुप्पट दराचा ओव्हरटाइम पाहिलाय? कायद्यातून व्यवस्थापकीय, देखरेखीच्या आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना सूट आहे, आणि आमच्याकडे तीन वर्षांत प्रत्येक जण कुठल्या तरी गोष्टीचा ‘लीड’ होतो. न्यायालयं पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम बघतात, पण त्यासाठी न्यायालयापर्यंत जाणारा कुणी लागतो. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. हिंजवडी त्यांच्याच मतदारसंघात येते, त्यामुळे विषय घरचाच. मात्र खासगी विधेयकाचा कायदा झाल्याचं शेवटचं उदाहरण १९७० चं आहे. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. या कायद्यांनी फोन वाजायचा थांबत नाही. न उचलणाऱ्याला शिक्षा करता येत नाही, एवढंच. पण एवढंच तर हवं आहे.

तोवर जे होईल ते टीमच्या पातळीवर, आणि बऱ्याचदा फार छोट्या गोष्टींत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. न्यूयॉर्कचा साडेनऊचा कॉल, जो पुण्यात संध्याकाळी सातला असायचा, सोमवारपासून आठला होतो. कॅलेंडरमधलं निमंत्रण आयोजकाच्या घड्याळाला बांधलेलं असतं, ते मुकाट्याने सरकतं, कुणाला मंजुरीचा ईमेल येत नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, चार महिन्यांहून जास्त काळ, रोज एक तास. मुलांच्या जेवणाची वेळ, परतीची कॅब, जोडीदाराची पाळी, सगळं त्यामागे फरफटतं. त्या सोमवारी कॉल सुरू होताना ‘पुढचे चार महिने तुम्ही साडेआठला याल का?’ असं विचारायला अर्धं मिनिट लागतं. बहुतेक टीममध्ये ते कुणी विचारलेलं नसतं.